काहील, कयाक आणि एक शब्द



बरेच दिवस काही लिहिलं नव्हतं. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, मग महालक्ष्म्या आल्या, मग पाहुणे. आता जरा निवांत झाले आहे, तेव्हा डोक्यात घोळत असलेल्या एका शब्दाबद्दल लिहिते.

माझी लेक सिअ‍ॅटलला असते हे तुम्हा नेहमीच्या वाचकांना ठाऊकच आहे. तिच्याकडे नवीन होडी घेतली. लांबट, निमुळती, एका माणसापुरती. तिला कयाक म्हणतात. फोटो घरच्या ग्रुपवर आला तेव्हा लातूरहून माझ्या धाकट्या भावाचा लगेच निरोप: "अक्का, ही काकडी कितीला घेतली विचार." फोटोखाली नातीने इंग्रजीत दोन शब्द लिहिले होते. पहिला 'भावी'. दुसरा मला तीनदा वाचावा लागला. कयाक्टिव्हिस्ट.

शाळेत अठ्ठावीस वर्षं मराठी व्याकरण शिकवलेल्या बाईला असा शब्द दिसला की राहवत नाही. भाजी निवडताना अळी दिसावी तसं होतं, हात आपोआप तिकडेच जातो. कयाक अधिक अ‍ॅक्टिव्हिस्ट. होडीत बसून आंदोलन करणारा माणूस. अर्थ लगेच कळला, पण शब्द कसा जमला ते बघण्यात मजा आहे.

इंग्रजीत कयाकचा उच्चार 'कायॅक' असा करतात. म्हणजे पहिल्या शब्दाच्या शेवटी 'अ‍ॅक' आणि दुसऱ्याच्या सुरुवातीलाही 'अ‍ॅक'. दोन्हीकडचा सारखा तुकडा एकमेकांवर बसला आणि शब्द झाला. आपल्याकडे 'सत्य' आणि 'आग्रह' यांचं 'सत्याग्रह' होतं ते याच न्यायाने. एकाच्या शेवटचा अ, दुसऱ्याच्या आरंभीचा आ, दोघे मिळून एक आ. आठवीच्या वर्गात दीर्घ संधी म्हणून मी हा शब्द फळ्यावर इतक्या वेळा लिहिलाय की खडूची धूळ अजून फुफ्फुसात असेल. फरक एवढाच की आपल्या संधीत शब्द सबंध राहतात, फक्त सांध्यापाशी विरघळतात. इंग्रजीत पुष्कळदा सरळ तोडतात. हॅक आणि अ‍ॅक्टिव्हिस्टचा हॅक्टिव्हिस्ट, क्राफ्टचा क्राफ्टिव्हिस्ट. त्याच घरातलं हे नवं भावंड.

अशा शब्दांना इंग्रजीत पोर्टमॅन्टो म्हणतात. लुईस कॅरोलने 1871 सालच्या अ‍ॅलिसच्या दुसऱ्या पुस्तकात हम्प्टी डम्प्टीच्या तोंडी हे नाव घातलं. दोन कप्प्यांची प्रवासी बॅग असते ना, तशी ही दोन अर्थ एकात भरलेली बॅग. मराठीत याला काही लोक 'जोडशब्द' म्हणतात, पण ते मला पटत नाही. जोडशब्द म्हणजे दगडधोंडा, केरकचरा. मला एक वेगळं नाव सुचतंय, ते पुढे सांगते.

आधी शब्दाची जन्मकथा. 2015 साली शेल या तेल कंपनीने उत्तर ध्रुवाजवळ, अलास्काच्या वरच्या चुक्ची समुद्रात तेल काढायचं ठरवलं. त्यासाठीचं 'पोलर पायोनियर' नावाचं सुमारे 400 फूट लांबीचं अजस्र यंत्र मे महिन्यात सिअ‍ॅटलच्या बंदरात आणून उभं केलं. त्याला विरोध करायला 16 मे रोजी शेकडो माणसं कयाक घेऊन पाण्यात उतरली. तिथल्या मूळ आदिवासी समाजाचे लोक आपल्या लांब, पारंपरिक होड्या घेऊन पुढे होते. मी फोटो पाहिले. त्या पिवळ्या-पांढऱ्या राक्षसाच्या पायाशी हळदीकुंकवाच्या दिवशी अंगणात तांदूळ सांडावेत तशा रंगीत होड्या. जुलैमध्ये पोर्टलंडला त्याच मोहिमेचं दुसरं जहाज अडवायला तेरा जण नदीवरच्या पुलाला दोरांनी लटकले आणि खाली पाण्यात पुन्हा ह्या होड्या. जहाज शेवटी 30 जुलैला निघून गेलंच. पण त्या काही आठवड्यांत हा शब्द वर्तमानपत्रांमधून घरोघरी गेला.

28 सप्टेंबर 2015 रोजी शेलने ती मोहीम सोडत असल्याचं जाहीर केलं. खोदलेल्या विहिरीत पुरेसं तेल लागलं नाही, खर्च फार आणि नियमांची कटकट, अशी कारणं त्यांनी दिली. होड्यांमुळे झालं असं म्हणता येणार नाही आणि होड्यांचा काहीच वाटा नव्हता असंही म्हणवत नाही. असो.

मला यातलं सगळ्यात भावलेलं वेगळंच आहे. 'कयाक' हा शब्द मुळात इंग्रजीचा नाहीच. तो इन्युइट लोकांचा, त्या बर्फातल्या माणसांचा. लाकडाच्या किंवा हाडांच्या सांगाड्यावर सीलचं कातडं ताणून ते ही होडी करत, शिकारीसाठी. ज्या समुद्रातलं तेल काढायचं होतं, त्याच थंड पाण्यावरचा हा शब्द. तो इंग्रजीत शिरला, खेळाच्या दुकानात जाऊन बसला आणि शंभर-दोनशे वर्षांनी आपल्या मूळ घराच्या रक्षणाला निघाला. पण शब्दाला कुठे ठाऊक असतं हे. आपल्यालाच वाटतं.

नातीला हे सगळं फोनवर सांगितलं. ती म्हणाली, "आजी, मराठीत काय म्हणतात यांना?"

मी म्हणाले, "थांब, बघते."

आणि बघायला लागले तर काय दिसलं सांगू? पाण्यावरच्या आंदोलनाचे आपले सगळे शब्द बुडणारे आहेत. जलसमाधी. जलसमर्पण. जलसत्याग्रह हा त्यातला सगळ्यात बरा, पण तोही पाण्यात उभं राहण्याचा.

आपल्या महाराष्ट्रापुरतं बघायचं तर धरणाविरुद्धचा सत्याग्रह 1921 साली मुळशीला झाला, सेनापती बापटांचा. तेव्हा 'सत्याग्रह' हा शब्द अजून कोवळा होता. दक्षिण आफ्रिकेत 1906 साली गांधीजींनी लढा सुरू केला तेव्हा त्याला नाव नव्हतं. इंग्रजीतलं 'पॅसिव्ह रेझिस्टन्स' त्यांना पटेना. त्यांनी आपल्या 'इंडियन ओपिनियन' पत्रातून वाचकांनाच नाव सुचवायला सांगितलं, छोटंसं बक्षीसही ठेवलं. मगनलाल गांधींनी 'सदाग्रह' सुचवला आणि गांधीजींनी त्याचा 'सत्याग्रह' केला. म्हणजे बघा, आपला एवढा मोठा शब्द हा वाचकांच्या स्पर्धेतून आलेला आहे! मुलांना हे सांगितलं की वर्गात कोणीतरी विचारायचंच, "बाई, बक्षीस किती होतं?"

पुढे नर्मदेवर पाणी आलं आणि शब्द बदलले. 1993 साली नर्मदा बचाव आंदोलनाने जलसमर्पणाची घोषणा केली. प्रकल्पाचा फेरविचार करायचं केंद्र सरकारने मान्य केलं म्हणून ते टळलं. 1999च्या पावसाळ्यात नंदुरबार जिल्ह्यात डोमखेडीला मेधाताई पाटकर आणि त्यांच्या सोबतचे लोक चढत्या पाण्यात उभे राहिले आणि पोलिसांनी त्यांना बाहेर काढलं. 2012 साली मध्य प्रदेशात खंडवा जिल्ह्यातल्या घोगलगावला ओंकारेश्वर धरणाच्या पाण्यात पन्नासेक माणसं 17 दिवस उभी होती. टीव्हीवर त्यांचे पाय दाखवले होते, पांढरेफटक, साल सुटलेले. मी त्या दिवशी जेवताना टीव्ही बंद केला. 'जलसत्याग्रह' हा शब्द त्यानंतर सगळ्यांच्या तोंडी झाला.

व्याकरणाच्या अंगाने तो मध्यमपदलोपी समास. पुरणपोळी म्हणजे पुरण घालून केलेली पोळी, तसा जलसत्याग्रह म्हणजे जलात उभं राहून केलेला सत्याग्रह. मधली पदं गाळलेली असतात. परीक्षेत विग्रह विचारला की मुलं मधलं पद विसरायची आणि एक मार्क जायचा. पण या शब्दात गाळलेलं पद केवढं मोठं आहे! 'उभं राहून'. सतरा दिवस.

आपली आंदोलनांची नावं बहुतेक अशीच घडतात. हातात काय आहे त्यावरून. महागाईविरुद्ध मृणाल गोरे, अहिल्याताई रांगणेकर यांनी काढला तो लाटणे मोर्चा. मग हंडा मोर्चा, घागर मोर्चा, बैलगाडी मोर्चा, थाळीनाद. इंग्रजीतला शब्द माणसाला नाव देतो, आपला शब्द कृतीला. हंडा मोर्चातल्या बाईला वेगळं नाव नाही. ती संध्याकाळी घरी जाऊन त्याच हंड्यात पाणी भरते. माणसाला नाव चिकटवायचा प्रकार आपल्याकडे झाला तो 2021च्या फेब्रुवारीत, राज्यसभेत. श्रमजीवी, बुद्धिजीवी यांच्या चालीवर 'आंदोलनजीवी'. तो टोमणा म्हणून आला. मग काहींनी तो अभिमानाने मिरवायलाही सुरुवात केली. शब्दांचं असंच असतं, फेकणारा एक आणि झेलणारा दुसरा.

हंड्यावरून लातूर आठवलं. माझं माहेर लातूर, सासर नांदेड. एका गावाला पाणी नाही आणि दुसऱ्या गावात गोदावरी. लग्न झालं तेव्हा आई म्हणाली होती, पोरगी गंगेकाठी पडली (आमच्याकडे गोदावरीला गंगाच म्हणतात), आता न्हाण्याची चिंता नाही. 2016 साली मांजरा धरण कोरडं पडलं तेव्हा लातुरात पाणी भरण्याच्या जागांजवळ जमावबंदी लावली होती. पाच जणांपेक्षा जास्त माणसांनी जमायचं नाही. भाऊ म्हणायचा, "अक्का, आमच्या घरात आम्हीच सहा जण." एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आलं. पहिल्या फेरीत 10 डबे, 5 लाख लिटर. पुढे 50 डब्यांची गाडी झाली. 'जलदूत' तिचं नाव. लोक स्टेशनवर गाडी बघायला गेले होते, जावई आल्यासारखे. नाव छान होतं, कोणी दिलं त्याचं कौतुक आहे. पण सांगायचा मुद्दा असा की लातूरकराला होडीतून आंदोलन ही कल्पना ऐकूनच हसू येणार. होडी तरंगायला आधी पाणी पाहिजे.

मग मराठी माणसाने होडीतून आंदोलन केलंच नाही का? केलंय की. मुंबईत कोस्टल रोडचं काम चाललं होतं तेव्हा वरळी कोळीवाड्याच्या मच्छीमारांचा एक साधा मुद्दा होता. त्यांची बोट जिथून समुद्रात जाते, त्या क्लीव्हलँड बंदराच्या तोंडाशी पुलाचे खांब येत होते आणि दोन खांबांत 60 मीटरचं अंतर ठेवलं होतं. लाटेत बोट सरळ रेषेत जात नाही, ती हेलपाटते. खांबावर आपटली तर बोटही गेली आणि माणूसही. 2021 साली त्यांनी आपल्या बोटी घातल्या समुद्रात आणि काम अडवलं. बरंच लांबलं ते प्रकरण. 2022च्या अखेरीस अंतर 120 मीटर करायचं सरकारने मान्य केलं. तिकडे तामिळनाडूत कुडनकुलमच्या अणुप्रकल्पाला 2012 साली, केरळात विळिंजम बंदराला 2022 साली मच्छीमारांनी बोटींनीच वेढा घातला होता.

सिअ‍ॅटलवाल्यांची होडी हौसेची आणि ह्यांची पोटाची. पण शब्द मिळाला सिअ‍ॅटलवाल्यांना. वरळीच्या लोकांना वर्तमानपत्रांनी 'मच्छीमार' म्हटलं, 'आंदोलक' म्हटलं, फार तर 'संतप्त'. त्यांच्या बोटीची आणि त्यांच्या आंदोलनाची सांगड कोणी घातली नाही.

आता हा 'सांगड' शब्द बघा, ह्याच्यासाठीच मघाशी थांबले होते. 'सांगड घालणे' म्हणजे दोन गोष्टी जुळवणे, हे आपण रोज बोलतो. पण सांगड म्हणजे मुळात काय? दोन होड्या किंवा दोन भोपळे एकत्र बांधून पाण्यावर तरंगायला केलेलं साधन! मोल्सवर्थच्या कोशात आहे. माझे सासरे नदीकाठच्या गावचे. ते सांगायचे की लहानपणी सुकलेल्या भोपळ्यांची सांगड छातीखाली धरून ते नदी ओलांडायचे. म्हणजे इंग्रजांची ती दोन कप्प्यांची बॅग, आणि आपल्याकडे त्याच कामाला एक होडी आहे, आयती. पोर्टमॅन्टोला मी तरी 'सांगडशब्द' म्हणणार. कयाक्टिव्हिस्टला तर तो चपखलच. भाषा समितीवाले काय म्हणतील ते म्हणोत :)

आणखी एक मध्येच सांगते, कारण ते वाचून मला त्या दिवशी झोप लागली नाही. 1971 साली मी नांदेडला पीपल्स कॉलेजात बी.ए. करत होते. कुरुंदकर सरांचं कॉलेज, त्यामुळे जगात काय चाललंय याची चर्चा व्हायचीच. पूर्व बंगालचे निर्वासित लोंढ्याने आपल्याकडे येत होते. तेव्हा अमेरिकेतून पाकिस्तानला शस्त्रं जातच होती. जुलै महिन्यात बाल्टिमोरच्या बंदरात एक पाकिस्तानी जहाज येणार होतं. ते अडवायला क्वेकर पंथाचे काही लोक आणि त्यांचे मित्र छोट्या छोट्या होड्या घेऊन जहाजाच्या वाटेत जाऊन थांबले. त्यात कॅनू होत्या, कयाकही होत्या. काहींना अटक झाली. जहाज आत गेलं. पण पुढच्या महिन्यात फिलाडेल्फियाच्या गोदी कामगारांनी पाकिस्तानी जहाजावर माल चढवायला नकार दिला.

बाल्टिमोरच्या त्या जहाजाचं नाव होतं 'पद्मा'. बंगालातल्या गंगेचं नाव.

मी तेव्हा वीस-एकवीस वर्षांची. वर्गात बसून नोट्स काढत होते आणि जगाच्या दुसऱ्या टोकाला कोणी परकी माणसं त्या निर्वासितांसाठी एवढ्याशा होडीतून लोखंडी जहाजासमोर बसली होती. तेव्हा त्यांनाही असा चटपटीत शब्द नव्हता. शब्द नंतर येतात, माणसं आधी जाऊन बसतात.

बरं, आता मला खरं जे सांगायचं आहे ते.

माझा एक जुना विद्यार्थी आहे. नाव सांगत नाही, गावही सांगत नाही. आमच्या जिल्ह्यातलं, गोदावरीच्या एका उपनदीवरचं गाव. शेती, थोडा ऊस. आता तोच पंचेचाळिशीचा झालाय, डोक्यावर माझ्याइतकेच पांढरे केस. त्यांच्या गावाला नदीवर पूल नाही. सातवीनंतरची शाळा पलीकडे. पावसाळ्यात पोरं कशी जातात? काहिलीत बसून. शहरातल्या वाचकांसाठी सांगते: काहील म्हणजे उसाचा रस आटवून गूळ करायची मोठ्ठी पसरट लोखंडी कढई. गुऱ्हाळ संपलं की ती रिकामी असते. पुराच्या वेळी तिच्यात चार-सहा माणसं बसवायची आणि दोराने पलीकडे ओढायची. आमच्या भागात हे नवीन नाही. काहिलीला ना नाळ ना सुकाणू. ती पाण्यात गरगर फिरते.

हा विद्यार्थी दोन वर्षांपूर्वी माझ्याकडे आला. हातात निवेदन. "बाई, जरा शुद्धलेखन बघा." मी चष्मा लावला. पुलाची मागणी होती, आणि खाली, 'अन्यथा 15 ऑगस्ट रोजी समस्त ग्रामस्थ जलसमाधी घेतील.'

मी विचारलं, "कोण कोण घेणार आहे?"

तो हसला. "घेत नाही हो बाई कुणी. लिहावं लागतंय तसं."

शुद्धलेखन बरोबर होतं. मी ते निवेदन बाजूला ठेवलं आणि त्याला चहा दिला.

आम्हा मराठवाड्यातल्या लोकांना हा शब्द इतका अंगवळणी पडलाय की कोणाला काही वाटत नाही. पीकविमा मिळाला नाही, जलसमाधी. रस्ता झाला नाही, जलसमाधी. बातमी चार ओळींची येते आणि संध्याकाळी सगळे घरी जातात. पण 23 जुलै 2018 रोजी कायगाव टोक्याला, ह्याच गोदावरीत, मराठा आरक्षणाच्या आंदोलनात एका तरुण पोराने पुलावरून उडी घेतली आणि तो गेला. आंदोलनाचं नाव जलसमाधीच होतं. किती जणांनी तो शब्द नुसता लिहिण्यापुरता लिहिला असेल. एकाने तो खरा केला.

हे मी माझ्या विद्यार्थ्याला सांगितलं. म्हणाले, हा शब्द काढ. समाधी हा मोठा शब्द आहे, आळंदीचा शब्द आहे, तहसीलच्या आवक-जावक वहीत टाकायचा नाही. तुमच्या गावात पंधरा-सोळा वर्षांची पोरं आहेत, ती पण हा कागद वाचतात. कोणाच्या डोक्यात काय जाईल सांगता येतं का?

तो बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "मग काय लिहू?"

मी म्हणाले, तुमची काहील घेऊन जा. ट्रॉलीत घाला आणि कचेरीसमोर नेऊन ठेवा. म्हणावं, आमची पोरं ह्याच्यात बसून शाळेला जातात, साहेबांनी एकदा बसून बघावं.

गेले तसे. वीस-पंचवीस माणसं, ट्रॅक्टर, ट्रॉलीत काहील, काहिलीत दप्तर घेतलेली चार पोरं. स्थानिक पत्रकाराने फोटो काढला. कचेरीत निवेदन घेतलं, शिक्का मारला, आणि ट्रॉली जरा बाजूला घ्या, गाड्यांना अडचण होतेय, असं सांगितलं. झालं.

आता यातली खरी अडचण ऐका. त्याच्या आदल्या वर्षी त्यांनी 'जलसमाधी' लिहिलं होतं तेव्हा सकाळी आठलाच गावात पोलिसांची जीप आली होती. मागून एक अधिकारी आले, नदीकाठी उभे राहिले, लेखी आश्वासन दिलं. आश्वासनाचं पुढे काही झालं नाही, पण निदान कोणीतरी आलं. नदी बघितली.

पंधरा दिवसांनी तो भेटला बाजारात. पिशवीत मिरच्या होत्या. म्हणाला, "बाई, तुमच्या शब्दाला जीप आली नाही."

मी काय बोलणार! रागाने म्हणाला नाही तो, माझा विद्यार्थी आहे, माझ्यापुढे आवाज चढवत नाही. पण बोलला ते खरं होतं. मरणाची धमकी दिली की सरकार हलतं, निदान तालुक्याच्या गावापासून नदीपर्यंत तरी. न मरता, तरंगत, हसत काही मागितलं तर पार्किंगची अडचण होते. सिअ‍ॅटलमध्ये त्यांची रंगीत होडी पाहायला जगभरचे कॅमेरे आले. आमच्या काहिलीला एक फोटो, आतल्या पानावर.

तरी मी माझ्या म्हणण्यावर ठाम आहे, आणि ते त्यालाही सांगितलं. जीप आली नाही तर पुन्हा जा. दहादा जा. पण पोरांच्या देखत तो शब्द लिहू नका. तो म्हणाला, "बाई, दहादा जायला मजुरी बुडती." हेही खरंच. भावाला फोनवर सांगितलं तर तो म्हणाला, "अक्का, तुझा पगार महिन्याच्या महिन्याला बँकेत यायचा, म्हणून तुला शब्द निवडायला वेळ." भाऊ आहे, बोलू शकतो.

परवा तो पुन्हा आला होता. पूल अजून नाही. यंदा पाऊस उशिरापर्यंत चालला, त्याची धाकटी आता आठवीत गेली आहे, तीही काहिलीतूनच जाते. दोराला त्याने नवीन दोर जोडलाय म्हणाला. निवेदन मीच लिहायचं ठरलं. मागणी लिहिली, गावची लोकसंख्या लिहिली, शाळेत जाणाऱ्या मुलांची संख्या लिहिली, गेल्या निवेदनाचा आवक क्रमांक लिहिला. 'ग्रामस्थ अमुक तारखेला', इथपर्यंत येऊन पेन थांबलं. 'आंदोलन' लिहिलं आणि त्याच्या आधीची जागा मोकळी सोडली. त्याने ती मोकळी जागा बघितली, काही बोलला नाही.

तेव्हा मंडळी, तुमच्यापैकी कोणाला शब्द सुचतोय का बघा. काहील, होडी, नाव, सांगड, तराफा, काहीही घेऊन करा. अट दोनच. एक, त्यात कोणी मरता कामा नये. दोन, तो ऐकून जीप यायला पाहिजे. दुसरी अट अवघड आहे, मला ठाऊक आहे. रविवारी तो निवेदन न्यायला येणार आहे, तेव्हा शनिवार रात्रीपर्यंत कळवा. गांधीजींसारखं बक्षीस ठेवते: नांदेडला आलात की गरम धपाटे आणि दही. लातूरकरांनाही चालेल, पाणी आमच्याकडचं.